निकालाचा आकडा आणि बाकावरची मुले

दरवर्षी उन्हाळा तापू लागला की परीक्षांचे निकाल लागतात आणि गावोगावी एकच प्रश्न ऐकू येतो : "अमक्या शाळेचा निकाल किती टक्के?" चहाच्या दुकानात, बाजारात, लग्नाच्या मांडवात हीच चर्चा. नव्वद टक्क्यांची शाळा चांगली, साठ टक्क्यांची सामान्य आणि चाळीस टक्क्यांची टाकाऊ, असा निवाडा क्षणार्धात होतो. आणि पुढच्या वर्षी मुलाचे नाव कोठे घालावयाचे हेही पुष्कळदा तेथेच ठरते.

मागे एकदा प्रवेशाच्या दिवसांत एक माउली आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे चौकशीस आल्या. घरधनी यंत्रमागावर कामाला. त्या स्वतः फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले. "गुरुजी, तुमच्या शाळेचा निकाल किती?" हा पहिला. दुसरा प्रश्न त्यांनी जरा थांबून, हलक्या आवाजात विचारला : "घरात आम्ही मराठी बोलतो, पण बाहेर सगळं हिंदीच. अभ्यास घ्यायला घरी कोणी नाही. ह्याला इथे जमेल ना?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तत्काळ दिले. तो आकडा आम्हांस पाठच होता. दुसऱ्या प्रश्नाला मात्र "जमेल, जमेल" ह्यापलीकडे काही सांगता आले नाही. त्या निघून गेल्यावर आमच्या ध्यानात आले की खरा प्रश्न दुसराच होता, आणि आमच्या पाठ असलेल्या आकड्यात त्याचे उत्तर नव्हते. ते का नव्हते, आणि ते कोठे शोधावे, हे आमच्या विद्यार्थ्यांस व सुज्ञ पालकांस समजावून सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन शाळांचे गणित

विद्यार्थिमित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका गावात 'अ' आणि 'ब' अशा दोन शाळा आहेत आणि प्रत्येकीतून शंभर मुले परीक्षेस बसली. मुले दोन प्रकारची आहेत असे धरू. पहिल्या गटातील मुलांच्या घरी आईवडील शिकलेले आहेत, पुस्तके आहेत, अभ्यासाची चौकशी करणारे कोणी आहे. दुसऱ्या गटातील मुले आपल्या घराण्यातून प्रथमच शाळेची पायरी चढलेली आहेत.

'अ' शाळेत पहिल्या गटातील ८० मुले आहेत. त्यांपैकी ७२ उत्तीर्ण झाली, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्या गटातील २० मुलांपैकी १० उत्तीर्ण झाली, म्हणजे ५० टक्के. एकूण ८२ मुले उत्तीर्ण. शाळेचा निकाल ८२ टक्के.

'ब' शाळेत पहिल्या गटातील मुले फक्त २० आहेत. त्यांपैकी १९ उत्तीर्ण झाली, म्हणजे ९५ टक्के. दुसऱ्या गटातील ८० मुलांपैकी ४८ उत्तीर्ण झाली, म्हणजे ६० टक्के. एकूण ६७ मुले उत्तीर्ण. शाळेचा निकाल ६७ टक्के.

आता गंमत पाहा. शिकलेल्या घरचे मूल 'ब' शाळेत अधिक यशस्वी झाले, आणि पहिल्या पिढीचे मूलही 'ब' शाळेतच अधिक यशस्वी झाले. दोन्ही प्रकारच्या मुलांना 'ब' शाळा चांगली. तथापि गावातील लोक ८२ आणि ६७ हे दोन आकडे पाहून 'अ' शाळेच्या दारात रांग लावणार! हा हिशेबातील घोटाळा नव्हे. सर्व आकडे बरोबर आहेत. संख्याशास्त्रात ह्याला 'सिम्प्सनचा विरोधाभास' म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली एका निबंधात त्याची चर्चा केली होती. त्याचे मर्म एवढेच की, एकूण टक्केवारीत शाळेचे काम आणि मुलांची घरची परिस्थिती ही दोन्ही दुधात पाणी मिसळावे तशी एकत्र झालेली असतात. ती वेगळी केल्यावाचून शाळेची पारख होत नाही.

आमच्या बाकांवर कोण बसते?

आता हेच गणित आपल्या बुऱ्हाणपूरला लावून पाहू. आपले शहर फार जुन्या काळापासून अनेक भाषांचे आहे. येथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. तो सोळाव्या शतकाच्या अखेरचा, फारुकी राजवटीचा. आजही आपल्या रस्त्यांवर हिंदी, उर्दू, मराठी, निमाडी आणि सिंधी कानांवर पडतात. नेपानगर-खकनारकडे डोंगरात गेले की कोरकू व बारेला लोकांच्या बोली ऐकू येतात. त्यांपैकी कोरकू तर मुंडा कुळातील भाषा. हिंदी वा मराठी ह्यांच्याशी तिचे कुळाचे नाते नाही. कोरकू घरातील मूल पहिलीत बसते तेव्हा ते अक्षरे आणि भाषा अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी नव्याने शिकत असते. त्याला "मागे पडले" म्हणण्यापूर्वी त्याने किती दुरून सुरुवात केली हे पाहिले पाहिजे.

१५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडमधून आपला जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसात लाखांहून थोडी अधिक होती. त्यांत सुमारे ३० टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. संपूर्ण मध्य प्रदेशाचे प्रमाण त्या वेळी ६९ टक्क्यांच्या वर आणि शेजारच्या महाराष्ट्राचे ८२ टक्क्यांच्या वर होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण बरेच खाली, सुमारे ५७ टक्के होते. ह्या शेवटच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. मुलाचा पहिला गुरू आई. जेथे दर शंभर स्त्रियांपैकी चाळिसांहून अधिक स्त्रियांना अक्षरओळख नाही, तेथे तितक्याच घरांतून शाळेत दिलेला धडा घरी वाचून घेणारे कोणी नसण्याचा संभव मोठा. ह्यात त्या मातांचा दोष नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्यासाठी शाळेचे दार उघडले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी शाळांपुढे आणखी एक गोष्ट आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी मुलूख एकत्र नांदत होते. त्या दिवशी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशातच राहिला. त्याच वर्षी झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. म्हणजे येथील मराठी शाळा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तिच्यामागे संविधानाचे वचन आहे. परंतु त्या शाळेत येणारे मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि पुढे इंग्रजी अशा तिहेरी वाटेने चालत असते. त्या वाटचालीची नोंद टक्केवारीच्या आकड्यात होत नाही.

ह्याशिवाय नित्याच्या अडचणी आहेत. यंत्रमाग रात्रपाळीला चालतात. त्या खडखडाटाशेजारी मुलाने पाढे कसे म्हणावे? केळीच्या बागांत व इतर पिकांच्या सुगीत घरची माणसे कामावर गेली की थोरल्या मुलीने धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते. कामासाठी कुटुंब परगावी गेले की मुलाच्या हजेरीपटावर फुल्या पडतात. ह्या गोष्टी लहान दिसतात. पण वर्षाच्या दोनशे-सव्वादोनशे दिवसांतून साठ दिवस गळाले, तर उत्तम गुरुजीही काय करतील?

जुना प्रश्न, जुने वाद

केवळ निकालावरून शाळेची किंमत ठरवण्याचा प्रयोग पूर्वी झालेला आहे, आणि त्याचे फळही लोकांनी पाहिले आहे. खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वूड साहेबांच्या खलित्यापासून आली. पुढे इंग्लंडात १८६२ पासून 'निकालाप्रमाणे अनुदान' ही रीत सुरू झाली आणि मुंबई इलाख्यातही ती आली. साहेब येऊन मुलांची परीक्षा घेई आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके पैसे शाळेस मिळत. दिसावयास हे मोठे न्याय्य दिसते. परंतु परिणाम काय झाला? परीक्षेत विचारतात तेवढेच घोकून घ्यावयाचे, आणि जे मूल नापास होण्याचा संभव त्याच्याकडे लक्ष द्यावयाचे कशाला, अशी वृत्ती बळावली. अखेर ती पद्धत मोडीत निघाली.

ह्याच सुमारास महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले. सरकारचा महसूल शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. शाळेत किती मुले उत्तीर्ण झाली हे विचारण्याआधी शाळेत आली कोणाची मुले, हे जोतीरावांनी विचारले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच मार्ग धरला. ह्या सर्वांस एक गोष्ट कळली होती की, निवडक मुलांची शाळा चालवणे सोपे आहे. सर्वांची शाळा चालवणे हीच खरी कसोटी.

सातासमुद्रापलीकडचा अनुभव

हाच प्रश्न अमेरिकेसही भेडसावतो. तेथे १९६६ साली जेम्स कोलमन ह्या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांची पाहणी झाली. इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये ह्यांच्यातील फरकापेक्षा मुलाचे घर आणि त्याचे सोबती ह्यांचा गुणांशी अधिक संबंध दिसतो, असा तिचा निष्कर्ष निघाला व मोठी खळबळ उडाली.

पुढे १९९१ साली मिनेसोटा राज्याने नवा कायदा केला आणि १९९२ मध्ये पहिली 'चार्टर शाळा' उघडली. ह्या शाळा आपल्या अनुदानित शाळांच्या दूरच्या बहिणीच म्हणावयास हरकत नाही. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, फी नाही, आणि ठराविक मुदतीची सनद. मुदतीत अपेक्षित काम न झाल्यास सनद काढून घेतात. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सोडत काढून प्रवेश देतात.

थोड्याच काळात ह्यांतील काही प्राथमिक शाळांचे निकाल आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा चांगले दिसू लागले आणि वाद सुरू झाला. शाळेचे अभिमानी म्हणत, "आमचे शिकवणे उत्तम." विरोधक म्हणत, "तुमच्याकडे मुळातच दक्ष पालकांची मुले येतात; अपंग मुले आणि इंग्रजी न येणारी मुले तुमच्याकडे कमी. मग निकाल चांगला लागला तर नवल ते काय?" आमच्या 'अ' आणि 'ब' शाळांचेच हे भांडण!

ते सोडवण्याची एक सुंदर युक्ती अभ्यासकांना सोडतीतच सापडली. सोडतीत ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुले आणि ज्यांची निघाली नाही ती मुले, ह्या दोघांचेही पालक सारखेच दक्ष. कारण दोघांनीही अर्ज केला होता. फरक केवळ नशिबाचा. मग काही वर्षांनी ह्या दोन गटांची तुलना केली, तर जो फरक दिसेल तो शाळेचाच म्हणावा लागेल. अशा अभ्यासात बोस्टन शहरातील चार्टर शाळांनी मुलांना खरोखरच पुढे नेल्याचे दिसले. तथापि सर्वत्र तसे नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो ह्या संशोधन केंद्राने २००९ साली अनेक राज्यांतील चार्टर शाळांची तुलना त्यांच्याच भागातील सारख्या परिस्थितीच्या मुलांशी केली. गणितात १७ टक्के शाळा सरस, ३७ टक्के शाळा निकृष्ट आणि उरलेल्या शाळांत विशेष फरक नाही, असे आढळले. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चार्टर शाळांची मुले सरासरीने किंचित पुढे गेलेली दिसली. शहरांतील गरीब मुलांचा लाभ अधिक ठळक होता, तर मुलांनी घरी बसून केवळ संगणकावर शिकावयाच्या शाळा बऱ्याच मागे होत्या. तात्पर्य, पाटी बदलल्याने शाळा चांगली होत नाही. आत काय चालते त्याने होते.

आपल्या देशातही असा एक अभ्यास झालेला आहे. आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत सोडत काढून काही गरीब मुलांना खाजगी शाळेत शिकण्यासाठी शुल्क देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन ह्यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांनंतर तेलुगू व गणित ह्या विषयांत खाजगी शाळांत गेलेली मुले आणि सोडतीत न निघालेली मुले जवळजवळ सारखीच निघाली. खाजगी शाळांत हिंदीही शिकवीत. त्या विषयात तेथील मुले पुढे होती. खाजगी शाळांचा दर मुलामागे खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु खाजगी शाळा आणि सरकारी शाळा ह्यांच्या गुणांत जे मोठे अंतर सामान्यतः दिसते, त्याचा बराच भाग शिकवण्याचा नसून घरच्या परिस्थितीचा होता, हे ह्यावरून स्पष्ट झाले. पालकांनी हा निष्कर्ष फी भरण्यापूर्वी अवश्य वाचावा.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याप्रमाणे अल्पसंख्य संस्था वगळून इतर विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिल्या वर्गात निदान चौथा हिस्सा जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. प्राथमिक वर्गांत दर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्यानेच घालून दिले. एकाच बाकावर निरनिराळ्या घरांतील मुले बसावीत हा त्यामागचा हेतू आहे, आणि तो जोतीरावांच्या मागणीशी नाते सांगणारा आहे.

परंतु ही सबब नव्हे

येथवर वाचून एखादा गुरुजी समाधानाचा सुस्कारा टाकील : "पाहा, दोष आमचा नाहीच; मुलेच अशा घरांतून येतात!" हा विचार पहिल्या चुकीइतकाच, किंबहुना अधिक घातक आहे. केवळ टक्केवारी पाहणारा शाळेवर अन्याय करतो. परंतु "ह्या मुलांना जमायचेच नाही" असे म्हणणारा मुलावर अन्याय करतो, आणि शाळेवरील अन्यायापेक्षा तो भारी आहे.

परिस्थिती बिकट आहे हे खरे. 'असर' ह्या नावाने २००५ पासून ग्रामीण भारतात पाहणी होत असते. पाचवीतील किती मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, हे तीत पाहतात. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होते. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ वर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा ४८.८ वर आले. म्हणजे पाचवीत पोहोचलेल्या दर दोन मुलांपैकी एकास अद्याप दुसरीचे वाचन येत नाही. ती मुले शाळेत येतात, हजेरी लागते, वर्गही बदलतो. पण धडा त्यांच्या डोक्यावरून निघून जातो.

परंतु ह्याच आकड्यांत आशेचे बीजही आहे. दोन वर्षांत सहा टक्क्यांची भरपाई झाली ती आपोआप नव्हे. कोणीतरी शिकवले म्हणून झाली. १९९५ साली मुंबईत 'प्रथम' ही संस्था निघाली. तिने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालविला. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेई आणि त्यांना जे येत नाही तेथूनच शिकवी. मुंबई व बडोदा येथे ह्या उपक्रमाची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला. ह्या तपासणीत ज्यांचा मोठा भाग होता ते अभिजित बॅनर्जी व एस्तेर द्युफ्लो ह्यांना पुढे २०१९ साली मायकेल क्रेमर ह्यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या बालसख्यांनी मुलांची घरे बदलली नव्हती. आईवडिलांचे उत्पन्न वाढवले नव्हते. त्यांनी फक्त मूल कोठे उभे आहे हे पाहिले आणि तेथून त्याचा हात धरला.

कुंडी भंडाऱ्याचा धडा

मग शाळेची पारख करावी तरी कशी? ह्याचे उत्तर आपल्याच गावात, जमिनीखाली आहे. १६१५ च्या सुमारास बांधलेला आपला कुंडी भंडारा सर्वांनी पाहिला असेल. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारांत साठवून, एका ओळीतील विहिरीवजा कुंड्यांखालून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची ती योजना. आता कोणी शेवटच्या कुंडीतील पाण्याची पातळी मोजून "भुयाराची बांधणी वाईट" असे म्हटले, तर जाणकार त्यास विचारील : "वर पाणी किती झिरपले होते ते पाहिले काय?" वर्ष अवर्षणाचे असेल तर खाली पाणी कमीच येणार. पहिल्या कुंडीशी किती होते आणि शेवटच्या कुंडीशी किती पोहोचले, ह्या दोहोंची तुलना केली तरच भुयार धड आहे की त्यास गळती आहे हे कळेल.

शाळेचेही तसेच. मूल आले तेव्हा त्यास काय येत होते आणि निघाले तेव्हा काय येऊ लागले, ह्यांतील अंतर हीच शाळेची कमाई. म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, कोणत्याही शाळेत जावे तेव्हा "निकाल किती टक्के?" एवढ्यावर न थांबता आणखी काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : पहिलीत किती मुले आली होती आणि त्यांतील किती दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचली? कच्ची मुले वाटेत गळाली तर उरलेल्यांचा निकाल आपोआप सुधारतो. ती वाढ अभिमानाची नव्हे. दुसरा : मुली, पहिल्या पिढीची मुले आणि घरी दुसरी भाषा बोलणारी मुले ह्यांचा निकाल वेगळा काढला तर काय दिसते? तिसरा : परीक्षेस मुले किती बसली होती? वर्गात वीसच मुले असतील तर एक मूल आजारी पडले की निकाल पाच टक्क्यांनी उतरतो. म्हणून एका वर्षाचा नव्हे, पाच वर्षांचा निकाल पाहावा. चौथा : रोजची हजेरी किती, आणि मूल चार दिवस आले नाही तर त्याच्या घरी कोणी जाते काय? पाचवा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : ज्याला वाचता येत नाही त्या मुलासाठी शाळा काय करते?

शाळेत मुले किती, मुली किती, शिक्षक किती, खोल्या किती, ही माहिती सरकार दरवर्षी यू-डायस ह्या योजनेखाली गोळा करते आणि तिचा पुष्कळसा भाग सर्वांस पाहता येतो. परंतु वरील पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. त्यासाठी शाळेत जाऊन मागच्या बाकाकडे पाहावे लागेल.

समारोप

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही ह्यात काम आहे. तुमच्या शेजारी बसणारा सोबती जर अडखळत वाचत असेल, तर त्यास हसण्यापूर्वी तो कोठून निघाला आहे हे आठवा. रोज दहा मिनिटे त्याच्यासोबत मोठ्याने वाचलेत, तर ज्या कामाची नोबेल मिळविणाऱ्यांनी तपासणी केली तेच काम तुम्ही बुऱ्हाणपुरात बसून कराल. घरी धाकटे भावंड असेल तर त्याची बालसखी किंवा बालसखा तुम्हीच व्हा. आणि आईला अक्षरे येत नसतील तर शाळेतला धडा तिला रोज वाचून दाखवा. ऐकता ऐकता तीही शिकेल, आणि वाचता वाचता तुमचे वाचन पक्के होईल.

त्या दिवशी आलेल्या माउलींना आज उत्तर द्यावयाचे झाल्यास आम्ही असे म्हणू : "आई, आमच्या निकालाचा आकडा तुम्हांला सांगितलाच आहे, पण तो तुमच्या मुलाचा नव्हे. तुमच्या मुलाला आज काय येते ते आम्ही पहिल्या आठवड्यात पाहू आणि लिहून ठेवू. दर तीन महिन्यांनी तुम्ही या. तो किती पुढे गेला ते आम्ही तुम्हांला दाखवू. त्याला रोज शाळेत पाठवण्याचे तेवढे तुम्ही पाहा. नाही जमले, तर आधी आम्ही आमचे शिकवणे तपासू. मग त्याला बोल लावू."

एवढे म्हणण्याचे धैर्य ज्या शाळेत आहे, तिचा निकाल कितीही टक्के लागो, ती शाळा चांगली, असे आमचे नम्र मत आहे.